अंगावरचं

दुपारी साडेतीनला उत्तमनगरचं पाणी जातं.
नळ दोनदा खोकतो, गप्प होतो.
त्याच आवाजाने रुंजी जागी होते
आणि माझ्या गाऊनची वरची दोन बटणं
तिची ती काढते. आता येतं तिला.

चौदा दात आहेत. मी मोजलेत,
डोळ्यांनी नव्हे.

दूध ओसरलं ते पाचव्या महिन्यात.
ओढता ओढता ती थांबली,
तोंडातलं तोंडात ठेवून वर बघितलं,
मग मोरीकडे बोट: 'गेलं?'
गेलं, म्हटलं.
तरी सोडलं नाही तिने.
बादलीवर नळ सोडून ठेवतो ना आपण,
येईल तेव्हा येईल म्हणून,
तशी पडून राहिली.

निफाडहून सासूबाईंचा फोन:
तोड गं आता अंगावरचं,
पोटातल्याच्या वाटणीचं पितेय ती, वाळेल ते.
नाहीतर हीच वाळेल.
कोण वाळणार, हे दर फोनला बदलतं.
खालच्या पगारताई कडुनिंब वाटून घेऊन आल्या.
दोन दिवस रडेल, म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी विसरेल,
माझी तिन्ही अशीच सुटली.

लावला.
रुंजीने ते हिरवं बघितलं, हात आखडला.
'बाऊ?' म्हणाली,
आणि फुंकर घातली.
एकदा इकडे, एकदा तिकडे,
गाल फुगवून, थुंकी उडवत.

मोरीत गेले. नळाला पाणी नव्हतं.
पिण्याच्या हंड्यातलं दोन तांबे घेतलं आणि धुतलं.

खैरनार डॉक्टरांनी विचारलं,
पाजताना पोट कडक होतं? अंगावरून जातं?
नाही ना, मग पाज की. खात जा पोटभर.
एवढंच. पुढचा नंबर बोलावला.
त्यांना हे सांगायचं राहिलं
की कधी कधी नको होतं मला.
मुंग्या येतात, टाळूपर्यंत.
स्वतःच्या लेकीला ढकलावंसं वाटतं
आणि त्याच हाताने मी तिचे केस मागे सारते.
तेव्हा आम्ही मोजतो. वीसपर्यंत, मग सोडायचं, ठरलंय.
मी एक म्हणते, ती तोंड न सोडता दोन.
मी तीन म्हणते, ती दोन.
अकरा. दोन.
तिला तेवढाच आकडा येतो.

प्रमोद सेकंड शिफ्ट करून अंबडहून येतो,
पॅकहाऊसबाहेर विकतात ते सुटे मणी घेऊन,
घडातून गळलेले, वीस रुपयांना पिशवीभर.
अंधारात बसून मी ते खाते,
एक मला, एक मला, एक मला.
निदान हे कुणी मागत नाही.

आणि परवा, सातव्यात,
रुंजीच्या ओठाच्या कोपऱ्यात पिवळं दिसलं.
बोटावर घेतलं. दाट, चिकट.
चीक.
म्हणजे हे तिचं नाही, येणाऱ्याचं.
माहेरी गाय व्याली की पहिल्या दिवशीचं दूध
शेजारीपाजारी जायचं, वेलची घालून खरवस व्हायचा,
मी दोन वड्या जास्त मागायचे.
वासराला कुणी विचारलेलं आठवत नाही.

रुंजी ओठ चाटते. 'आलं,' म्हणते.
तेवढ्यात आतून लाथ बसते,
थेट तिच्या पोटात.
ती दचकते, मी दचकते.
मग ती माझ्या पोटावर चापट मारते, हलकीच,
दार वाजवल्यासारखी,
आणि पुन्हा प्यायला लागते.

पहाटे पावणेपाचला नळ खोकतो.
बादली भरते, काठावरून वाहू लागते,
मोरीतून आवाज येतोय.
उठायला हवं.
एक हात हिच्या डोक्याखाली अडकलाय,
कुशीवर वळावं तर आतला जागा होतो.
प्रमोद घोरतोय.

एक, मी म्हणते.