पाटीवरचा आकडा

सावद्याला, केळी पिकवायच्या चेंबरमागे
पत्र्याच्या शेडमध्ये आमचा जनरेटर.
पोटाशी चार रिव्हेटांनी ठोकलेली पाटी :
एकशे पंचवीस.

तीन कोटेशनं मीच फायलीला लावली होती.
किंमत सारखीच, आकडा ज्याचा मोठा
त्याच्यावर हिरव्या शाईनं खूण केली.
कॉमर्सची मी. मोठा आकडा मोठाच असतो
असं आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं,
पण उलटंही नव्हतं शिकवलं.

अठरा एप्रिल. फिडर जाऊन नववा तास.
इंजिनाचा आवाज जाड झाला,
धूर काळा, पाणी एकशे दोनवर,
मग एकदम गप्प.
आत सोळा अंशांत निजलेली केळी,
बाहेर सेहेचाळीस.

यावलहून लुकमान तडवी आला,
डिकीत पाने, मानेवर ओला पंचा.
इंजिन उघडलंच नाही त्यानं.
थुंकी लावून पाटीवरची काजळी पुसली
नि म्हणाला, वाचा ताई.

एकशे पंचवीस.

"त्याच्या खाले?"

खाली बारीक अक्षरं होती.
तीन वर्षांत मी तिथवर वाकलेच नव्हते.
स्टँडबाय.

"लाईट गेली, दोन तास धकवलं, लाईट आली, बंद.
तेवढ्याचा आकडा हाये हा.
ह्याच्यावर तोळाभर चढत नाही.
रोज चालवायचं तं एकशे तेरा धरा,
त्यातबी लोड खालेवर होत राह्यला पाहिजे.
मंग बारा तासात एखादा तास
दहा टक्के जास्त ओढीन, कुरकुरनार नाही.
आन् रात्रंदिवस एकसारखं पाहिजे?
तो आकडा तं पाटीवर लिव्हेलच नाही.
लिव्हला तं घेईन कोन?"

"म्हणजे कंपनी खोटं बोलली," प्रल्हादभाऊ.

"खोटं नाही भाऊ. पुरतं नाही."

मग त्यानं क्रेटवर बसलेल्या सदू हमालाला विचारलं,
सर्वात जड काय उचललं रे आजवर?
सदू लाजला. "बहिनीच्या लग्नात फ्रिज. एकट्यानं.
दुसऱ्या माळ्यावर."
"घ्या," लुकमान म्हणाला,
"ह्याच्या छातीवर फ्रिज लिव्हून ठोका पाटी,
आन् उद्यापासून रोज फ्रिज."

शिवाय तो आकडाही पंचवीस अंशांच्या हवेतला, म्हणाला.
सावद्यात पंचवीस अंश कधी असतात
ते मी आठवत राहिले.
जानेवारीत बहुधा, दहा-साडेदहाला,
नळाचं पाणी भरून झाल्यावर.

जाताना त्यानं खडूनं झाकणावर लिहिलं ८८,
वर आभाळाकडे पाहिलं,
बोटानं पुसलं,
नि लिहिलं ८०.

त्या रात्री मी चार कॉम्प्रेसर
आळीपाळीनं लावले, एक निजला की दुसरा,
दर अर्ध्या तासाला अँपिअर वहीत.
घरी पोचले तेव्हा पावणेतीन वाजले होते.

सकाळी प्रल्हादभाऊ खूश.
"एक घड काळा नाही पडला!
ताई, जूनपर्यंत रात्रीचं तुम्हीच बघा.
काल जमलं की तुम्हाला."

मी काही बोलले नाही.
टेबलाच्या खणात
खडू शोधत होते.