कुठून?

दांडिया बाजारातल्या त्या हॉलमध्ये
पंख्यापेक्षा प्रोजेक्टरच जास्त घरघरत होता.
पडद्यावर विश्वामित्रीची चाळीस वर्षं:
एक निळी रेघ, खाली-वर, खाली-वर,
आणि मग एका साली पायरी चढल्यासारखी
दीड फूट वर.
पुन्हा उतरलीच नाही.

मी विचारलं, काय दिसतं?
दक्षेशभाई म्हणाले, दिसायचंय काय त्यात, नदी वाढली.
भिंत बांधा.
आणि वहीच्या कोपऱ्यात भिंतीचा खर्च मांडायलाही लागले.

मागच्या रांगेतून मार्तंडराव खानविलकर उठले.
निवृत्त गेज-रीडर, चष्म्याची एक दांडी दोऱ्याची.
"त्या साली खांबच वाहून गेला, बाई.
नवा रोवला तो मी आणि फकीरानं.
जुन्या जागी खडक धरेना,
म्हणून दीड फूट खाली घेतला.
वर कळवलं होतं.
पोस्टकार्डानं."

हॉल हसला.
मला हसू आलं नाही.
सहा महिने हीच रेघ घेऊन
मी वॉर्डावॉर्डांतून हिंडत होते.
पडद्यापाशी जाऊन तळहातानं ती पायरी झाकली.
नदी माझ्या मनगटावर चढली, निळी.

"म्हणजे वाढलीच नाही?"
तसंही म्हणता येईना.
दीड फूट वजा केला, रेघ खाली बसली,
तरी शेवटच्या आठ वर्षांत
ती पाण्याबाहेर येतेच
मगरीसारखी,
नुसत्या नाकपुड्यांपुरती.

मग कमुबेन बोलल्या, काठच्या वस्तीतल्या,
इतका वेळ पदराशी चाळा करत बसलेल्या.
"आमच्या भिंतीवर कोळशाच्या खुणा आहेत,
दर पुराची एक.
ही पोटरीपर्यंत, ही कमरेला,
ही, सासू गेली त्या सालची, छातीला.
आमची भिंत काही वाहून गेली नाही."

सगळे त्यांच्याकडे वळून बसले.
मी लिहून घेत होते
पोटरी, कंबर, छाती,
तेवढ्यात मार्तंडरावांनीच हळू विचारलं,
"जमीन कितीदा भरलीत, बेन?"

कमुबेन बोटं मोजू लागल्या.
एकदा विटांचा चुरा. एकदा सिमेंट.
मुलाच्या लग्नात लाद्या.
मोजता मोजता थांबल्या,
स्वतःच्या पायांकडे पाहिलं,
जणू त्याच घरात उभ्या आहेत.
"मग कमरेच्या खुणेत," त्या म्हणाल्या,
"नऊ इंच मिळवा.
छातीच्या नको, ती जुन्या मातीवरची."

चहा आला. कुणी उठलं नाही.

दक्षेशभाईंनी वहीतला आकडा खोडला नाही.
शेजारी फक्त लिहिलं,
गुजरातीत, बारीक अक्षरात:
कुठून?