शेरा

नोंदवही क्रमांक चार. पुठ्ठ्यातून आत गेलेली वाळवीची वाट,
सत्तावीस तारखेपासून थेट महिनाअखेरीपर्यंत.
त्या चार दिवसांत काय मारलं, काय सोललं
ते वाळवीलाच ठाऊक.

बाकीचं लागतं वाचायला.
पेन्सिल बोथट, अक्षर घाईचं, आणि पानोपानी एकच रड :
पाऊस. कातडी वाळत नाहीत.
पाऊस. जळवा मोज्यांतून आत.
पाचशे अठ्ठ्याऐंशी मुंग्यांनी नेला, चोच तेवढी ठेवली.
पाऊस.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र डॉक्टर लिंडक्विस्ट हात आखडत नाहीत.
कुठल्या झाडावर, जमिनीपासून किती हात,
पोटात काय निघालं – तीन टोळ, सरड्याची अर्धी शेपटी –
बुबुळ कसं, टाळू कशी,
डोळ्याभोवतीची उघडी कातडी : निळी.
मग ते खोडून : फार निळी.
खाली दोन रेघा. हा रंग संध्याकाळपर्यंत उडतो.

उडतोच. हा बघा, सहाशे बारा, माझ्या हातमोज्यात,
पाठीवर निजवलेला, पाय एकावर एक बांधलेले,
डोळ्यांच्या जागी कापूस
आणि कापसाभोवती झिजल्या चपलेचा रंग.
चिठ्ठीवर त्याचं लॅटिन नाव दोनदा बदललंय.
आम्ही ताइत्सू म्हणतो. अजून तेच म्हणतो.

स्थळ : आंद्रानुफुत्सीच्या वरचा तळ.
संग्राहक : डॉ. लिंडक्विस्ट.

खर्चाची वही वेगळी. तिला कुणी हात लावलेला नव्हता,
तिच्यात पक्षी नव्हते ना.
मीठ. काडतुसं. सोमलाचा साबण, शेवटचा डबा.
चष्मा फुटला, दुसरा नाही.
झाओझांद्री, पक्षी नऊ, साडेचार फ्रँक.
झाओझांद्री, पक्षी चौदा, सात फ्रँक.
झाफिसुआ, भात कांडण्याबद्दल, मीठ दोन मुठी.
कापूस संपला. राफियाचा एक भारा, अर्धा फ्रँक.

चष्मा फुटला ती तारीख मी पुन्हा पाहिली.
सहाशे बारा त्यानंतर सहा दिवसांनी.

परवा आम्ही त्याचा एक्स-रे काढला.
पडद्यावर तार, तारेभोवती राफियाचे विस्कटलेले केस,
आणि छातीत, जराशी डावीकडे,
भाताचा एक दाणा. टरफलासकट.
बिर्गित म्हणाली, खाल्लेला असेल.
म्हटलं, पोट काढून मोजून झालं होतं बाई,
तीन टोळ आणि शेपटी.
दाणा नंतरचा आहे.

उखळापाशी भारा टेकवला असेल, चिकटून आला असेल.
की कुणी ठेवला?
अशी काही रीत असेल तिकडे, तर मला माहीत नाही.
मी आंतानानारिवोची, ट्रॅफिकमध्ये वाढलेली.
त्या डोंगराची बोली मला निम्मी कळते,
तीही समोरचा सावकाश बोलला तर.

संगणकाच्या फॉर्मात संग्राहकाच्या रकान्यात मी टाइप केलं :
झाओझांद्री.
हे नाव यादीत नाही, तो म्हणाला. नवीन जोडायचं?
हो.
जन्मवर्ष? पुढे गेले.
मृत्युवर्ष? पुढे गेले.
संस्था? इथे लाल चांदणी, रिकामं ठेवता येत नाही.
आंद्रानुफुत्सीच्या वरचा तळ, असं लिहिलं.
घेतलं त्याने मुकाट.

झाफिसुआला कुठल्या रकान्यात बसवू, सुचेना.
तळाशी शेरा म्हणून एक चौकोन असतो, तिथे :
छातीत भाताचा दाणा, एक. कांडणारीचं नाव खर्चवहीत.
दाणा काढलेला नाही. काढू नये.

मग खण आत ढकलला, अर्ध्यावर अडकला, पुन्हा ढकलला.
सहाशे तेराचा एक्स-रे गुरुवारी.