कोऱ्या कपाळाचा

टेंगिझच्या लेथने बुशिंग अर्ध्यात सोडलं,
पितळेचं एक वेटोळं चकजवळ तसंच लोंबकळत राहिलं.
फ्यूज बदलला. उडाला.
दुसरा बदलला, तोही.
तिसरा नुगझारने माझ्या हातातून काढून घेतला:
"पोरी, फ्यूज म्हणजे काय सूर्यफुलाच्या बिया?"

कुटाइसीत नोव्हेंबर. रिओनीवरचा वारा
शटरखालच्या फटीतून थेट घोट्यांना लागतो.
कंट्रोलरचं झाकण उघडलं.
आत तेलकट धूळ, वाळलेली एक गोम,
आणि हीटसिंकला पाठ लावून उभे दोघे,
काळे, तीन-तीन पायांचे, जुळे.
दोघांची कपाळं कोरी.
नंबर नाही, कंपनी नाही, देश नाही.
कुणीतरी पॉलिश पेपरने घासून
नाव-गाव पुसलेलं.

"कारखानेवाले घासतात," नुगझार म्हणाला,
"कुणी नक्कल करू नये म्हणून."
म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता.
सोल्डरिंगचं टोक ओल्या स्पंजला पुसत होता,
नको तितका वेळ.

डावीकडच्याला मीटर लावला.
शून्य. प्रोब उलटे केले. शून्य.
मीटर नुसता एका सुरात रडत राहिला.
"मेलेल्याला काय विचारतेस?
शेजारच्याला विचार."

शेजारी जिवंत होता,
पण ताकास तूर लागू देईना.
पहिला पाय, मधला पाय: काही नाही.
मधला, तिसरा: काही नाही.
पहिल्या-तिसऱ्यात तेवढी कुजबुज,
छत्तीस ओहमची.

मग नुगझारने गाडीची बॅटरी ओढत आणली
आणि मार्श्रुत्काच्या इंडिकेटरचा एक दिवा.
मधल्या पायाला धन, दिव्यातून. पहिल्याला ऋण.
दिवा काळाच.
"आता त्याचा कान पिळ."
रेझिस्टरचं टोक तिसऱ्या पायाला
मी जेमतेम टेकवलं.
दिवा लागला.
टोक उचललं.
दिवा लागलेलाच.

एकदा हाक मारली की
मारणारा निघून गेला तरी
ओ देतच राहणारा कुणीतरी.

उलटं जोडून पाहिलं. कान पिळला. ढिम्म.
परत सरळ जोडलं. परत लागला.
म्हणजे एकाच दिशेचा.
थायरिस्टर.
कूळ कळलं. मूळ राहिलं.

माप मोटरच्या पाटीवरून घेतलं:
एकशे ऐंशी व्होल्ट, सात अँपिअर.
"वाढत्या अंगाचे घेऊ," नुगझार म्हणाला,
"सहाशेचे. सोळाचे. दोन्ही बदलू."
आणि खोक्यात तोंड खुपसून शोधायला लागला.

तेवढ्यात मी मेलेल्याला भिंगाखाली धरलं.
ओरखडे सरळ नव्हते.
वरच्या डाव्या कोपऱ्यातून
खाली उजवीकडे घसरत आलेले सगळे.
ही घसरण माझ्या ओळखीची.
आमच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांवर आहे.
माझ्या कंपासपेटीवर होती,
जिच्यावरचं कुण्या दुसऱ्या मुलीचं नाव
वडिलांनी असंच घासून काढलं होतं.
डाव्या हाताने.

"कुठून आणले होते हे त्यांनी?"

नुगझारने खोक्यातून मान वर केली नाही.
"इस्पितळाच्या लिफ्टमधून.
लिफ्ट तशीही बंद होती."
थोड्या वेळाने:
"वीजच नव्हती तेव्हा."
आणखी थोड्या वेळाने:
"नंतर आली."

मी अभ्रकाची चकती पुसली,
पांढरी पेस्ट लावली, स्क्रू पिळले.
नवे दोघे बसवले,
नंबर वाचता येतील असे.

लेथ फिरला.
पितळेचं वेटोळं सुटून टेंगिझच्या बुटावर पडलं.
तो खिशातून नोटा काढून, बोट ओलं करून मोजत होता,
नुगझार हात धुवायला मागे गेलेला,
बराच वेळ नळ चालू.

बाकावर तो उरलेला जुळा
वायरींना लटकलेला,
आणि दिवा लागलेलाच.
विझवायचा तर बॅटरीच काढावी लागते.
चिमटा सोडवायला हात नेला.
म्हटलं, राहू दे,
टेंगिझचं मोजून होईपर्यंत.