एक नग कमी

शन्नाच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत
पुढे पाण्याचा टँकर, मागे शेळ्यांनी भरलेला पिकअप,
मध्ये रेडकरांची पांढरी यारिस.
टपावर तंबू, निम्म्या किमतीत मिळालेला,
"चार माणसांसाठी" असं खोक्यावर छापलेला.
आम्ही दोघंच.

सत्तावीस वर्षं रुसैलच्या टायरच्या गोदामात
नगाला नग जुळवलेला माणूस.
बताका येत्या गुरुवारी संपतोय,
सामान कार्गोनं पुढे गेलंय.
म्हणाले, "देश बघायचा राहिला. चल."
कुठला देश, ते मी विचारलं नाही.

दीड तास हिरवं पाणी.
रेडकर कठड्याशी उभे, काखेत चार कापडी पिशव्या,
घडी घालून, कुडाळच्या किराणा दुकानाचं नाव वर.
"या कशाला?"
"असू देत. कधी काय लागेल."

मसिरा.
हिल्फ गाव संपतं ते एकदम,
बोलता बोलता कुणी गप्प व्हावं तसं.
मग काळे डोंगर, खारट पांढरी सपाटी,
फोनवरच्या रेघा एकेक करून गळालेल्या,
आणि कंबरेत मोडल्यासारखी एक बाभूळ
जिच्या सावलीत मावतील तेवढ्याच शेळ्या.

पूर्वेच्या किनाऱ्यावर आम्ही तंबू उघडला
आणि वाऱ्यानं तो घेतला.
काय धावलो!
माझी पन्नाशी, त्यांची साठी,
आणि पुढे फुगलेला निळा तंबू, लग्नातून पळाल्यासारखा.
धरून आणला. रेडकरांनी दगडानं खुंट्या ठोकल्या,
मग एकेक धरून हलवली.
खुंटा हलवून बळकट करावा, हे रक्तातच आपल्या.
पण वाळूत हलवलेली खुंटी सैल होते,
म्हण करणाऱ्याची जमीन वेगळी असणार.

तेवढ्यात हुमैद आला, जाळी सोडवायचं अर्धवट टाकून.
आमच्याकडे बघितलं, हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
"कील नहीं चलेगा. थैली है?"
थैली होती.
वाळूनं भरली, दोरी बांधली, हातभर खोल पुरली,
चार कोपऱ्यांना चार,
आणि कुडाळचं दुकान अरबी समुद्राच्या या बाजूला
जमिनीखाली गेलं.
तंबू थरथरला, पण राहिला.

रात्री हुमैदनं आणलेला मासा.
तो म्हणे कनअद, रेडकर म्हणत सुरमई,
दोघंही हट्टी. मी काटे काढत बसलो.
खिचडीत वाळू होती. कुणी काही बोललं नाही.

दोनच्या सुमाराला जाग आली, शेजारी कुणी नाही.
रेडकर बाहेर, चादर डोक्यावरून,
तोंड वाऱ्याकडे.
"झोप येत नाही?"
"तसं नाही रे.
इथं वारा आहे, हे माहीतच नव्हतं मला.
खोलीत एसी, गाडीत एसी, गोदामात एसी.
सत्तावीस वर्षं या देशात आहे
आणि अंगाला त्याची हवा लागली नव्हती."
मग बराच वेळ लाटाच.
दूर पाण्यावर एका होडीचा दिवा,
वर-खाली, वर-खाली,
कुणीतरी हो म्हणत असल्यासारखा.

सकाळी तंबू सोडला. पिशव्या उकरल्या.
एक, दोन, तीन.
चौथीची दोरी कधी तुटली कोण जाणे,
वाळू सगळीकडे सारखी दिसत होती.
रेडकर गुडघ्यांवर बसून हातांनी खणत राहिले,
इथं, मग जरा इथं, मग मघाच्याच जागी.
हुमैद लांबून ओरडला, बोट सुटेल.

परतीच्या बोटीवर त्यांनी तिन्ही पिशव्या झटकल्या,
घडी घातली, पुन्हा मोजल्या.
सवयच ती.
मग खिशातलं पेन काढलं,
कागद नव्हता, तंबूच्या खोक्यावर लिहिलं:
पिशवी, कापडी. आणल्या चार. नेल्या तीन.
सही केली. तारीख घातली.
शेरा लिहायच्या जागी पेन टेकवून
बेट दिसेनासं होईपर्यंत
तसेच उभे राहिले.