उरलेली सहा मिनिटं

अकराव्या गोलनंतर मी वहीत आकडा लिहिणं सोडलं.
नुसत्या उभ्या रेघा मारत गेलो,
दूधवाला दाराच्या चौकटीवर मारतो तशा.

वडाळ्याचं मैदान, सोळा वर्षांखालची मुलं,
मिठागरांकडून येणारा खारट वारा.
दुसऱ्या हाफात चिता कॅम्पच्या पालिका शाळेच्या वाट्याला आला
तो गोल बिनजाळीचा.
म्हणजे चेंडू आत गेला की गेलाच,
थेट रस्त्यापलीकडच्या गॅरेजपर्यंत,
आणि दर वेळी आणायला धावायचा त्यांचाच गोलकीपर.
समाधान घाटविसावे. हातात विकेटकीपरचे आतले मोजे,
अंगठ्याशी उसवलेले.

परेरा सर हाफटाइमला मला म्हणाले,
गटात तिघांचे गुण सारखे आहेत, गोलफरक लागणार.
आणि माझ्या पोरांना मी काय सांगू, खेळू नका?
खोटं नव्हतं त्यांचं.
त्यांची पोरंही वाईट नव्हती.
नऊ नंबरचा मुलगा तर तेराव्या गोलनंतर हात वर न करता
मान खाली घालून मागे चालत आला.

चौदाव्याला छत्रीखालून कुणाची तरी आई ओरडली,
पुरे रे आता!
मग सरांनी खूण केली
आणि ते गोलकडे जायचेच थांबले.
आपसात चेंडू फिरवू लागले. मागे, आडवा, पुन्हा मागे.
पालिकेची पोरं त्यामागे धावत होती,
माकड-माकड खेळताना मधला धावतो तशी,
आणि कुंपणाबाहेर कुणीतरी मोठ्याने पास मोजायला लागलं.
सतरा. अठरा. हशा.
चौदा गोल मला बघवले होते.
हे नाही बघवलं.

कबड्डीत लोण चढला तरी सातही जण पुन्हा जिवंत होतात.
खोखोत एक डाव राखून हरता येतं,
चपला घालून लवकर घरी जाता येतं.
आमच्या नियमात दयेचं कलम नाही.
घड्याळ आहे फक्त, आणि ते माझ्या मनगटावर.

तसा मी बेस्टच्या डेपोत टाइमकीपर.
गाडी दोन मिनिटं आधी सुटली तरी मेमो लिहितो.

मी शिट्टी वाजवली. एकदा, दोनदा, मग लांब.
कुणी काही बोललं नाही. टाळ्या पडल्या.
एसी बसचं इंजिन सुरू झालं.

समाधान चेंडू काखेत धरून आला.
सर, अजून सहा मिनिटं आहेत.

मी त्याचं मनगट पाहिलं. रिकामं.
गॅरेजच्या भिंतीवर घड्याळ आहे, तो म्हणाला.
दुसऱ्या हाफात नऊ वेळा तो तिथे जाऊन आला होता.

मला वाटलं, आता म्हणेल, आम्ही एक तरी मारला असता.
तसं म्हणाला असता तर बरं झालं असतं,
त्याला माझ्याकडे उत्तर होतं.
तो म्हणाला, शेवटची पाच मिनिटं इस्माईल येणार होता,
माझे बूट घालून.
ठरलं होतं आमचं.

मैदानात एव्हाना दुसऱ्या सामन्याची पोरं उतरली होती,
कोपऱ्यातले झेंडे कुणीतरी सरळ करत होतं.
फुंकलेली शिट्टी परत आत ओढता येत नाही.
मी काहीतरी बोललो. उन्हाबद्दल.
पाण्याबद्दलही बोललो असेन.
मग अहवालात लिहिलं: चौदा-शून्य, पूर्ण वेळ.
खाली सही, नेहमीसारखी, रेघ ओढून.

इस्माईल कुंपणाला टेकून बसला होता.
बुटांशिवाय,
पण पायमोजे गुडघ्यापर्यंत घट्ट ओढलेले.