किमान तापमान

एकतीस वर्षं मी थंडी वाचली.
कृषी विद्यापीठाच्या आवारात, सकाळी सात वाजता
पांढऱ्या झडपांच्या पेटीचं दार उघडून,
वाकून, श्वास आवरून,
कारण तोंडची वाफसुद्धा आकडा बिघडवते.
सहा पूर्णांक एक.
पेपरवाले लिहायचे, परभणीचा पारा घसरला.
किमानच्या नळीत पारा नसतोच, स्पिरिट असतं,
हे मी फोनवर किती जणांना सांगितलं.
पारा घसरतच राहिला.

एसी घेतला तो मे महिन्यासाठी.
रिमोटवर बर्फाच्या फुलाशेजारी
एक बारका सूर्य होता,
दोन वर्षं त्याला कुणी बोट लावलं नाही.
यंदा जानेवारीत कौसल्येच्या हातून
कात्री मिटेना.
ब्लाऊजांचे कापड टेबलावर, बायका दारात,
आणि तिची बोटं गवारीच्या शेंगांसारखी वाळून ताठ.
शेगडी नको म्हणाली. कापडाला वास लागतो.

मुखीद आला, छातीशी पोतं बांधून मोटारसायकलवर.
त्यानं सूर्य दाबला. पंखा आधी गप्प.
"थांबा काका, गरम झाल्याबिगर फुंकत नाही ती."
मग पट्टी खाली वळवली:
"गरम हवा वर पळते, तिला पायाकडं हाणायची."
मी विचारलं, आत तार आहे का, हीटरसारखी?
"नाही ओ. ही मशीन गरमी बनवत नाही. बाहेरून आणते."
बाहेर काय ठेवलंय आणायला? सहा अंश?
"सहामध्ये पण असते की काका.
मुंगीवाणी थोडी थोडी गोळा करते."

मी खुर्चीत बसलो.
एकतीस वर्षं मी सहा लिहिलं
आणि सहा म्हणजे 'नाही' असं समजलो.
शून्य ही तर काचेवर कुणीतरी मारलेली एक रेघ.
तिच्याखालीही ऊब असते, पातळ,
जशी रिकाम्या डब्याच्या तळाला पिठाची पूड.

संध्याकाळी जुना तापमापक घेऊन मी मागच्या गल्लीत गेलो.
बाहेरचं धूड घरघरत होतं, त्याच्या जाळीवर दव गोठलेलं.
पुढ्यात नळी धरली:
गल्ली अकरा, झोत सात.
शेजारच्या लोखंडबाईंची लेक तिथंच धुणं काढत होती,
ओढणी आवळून म्हणाली, "आजोबा, आज इथं लई झोंबायलंय."
तिथं रोज झोपणारं कुत्रं
उठून पलीकडच्या गिरणीच्या ओट्यावर गेलेलं.

हिशोब मला येतो.
जानेवारीत गल्लीतून उचललेलं
मी मे महिन्यात याच जाळीतून परत करतो,
दामदुपटीनं,
कुणाला नको असतं तेव्हा.

"जर्मनीत घरं अशीच तापवतात म्हणे," मुखीद निघताना बोलला.
जगात जर्मनी, मी म्हणालो. तो हसला.
तुझ्या घरी काय आहे रे?
"पत्रे. आणि चार पोरं, एकाला एक चिकटून."
पैसे घेताना त्याचा हात माझ्या हाताला लागला.
आकडा सांगता येईल मला. सांगत नाही.

रात्री मध्येच मशीन थांबते, दम खाते,
बाहेरचं दव वितळवून घेते,
तेवढ्या पाच मिनिटांत खोली पुन्हा परभणी होते.
महावितरणची लाईट गेली तर वाकळ आहेच.
ओठ फुटतात म्हणून कौसल्येनं
कोपऱ्यात पाण्याचं पातेलं ठेवलंय.
मी वहीत लिहितो: आत बावीस, बाहेर सात पूर्णांक चार.

ती पट्टीखाली दोन्ही पंजे धरून उभी आहे.
एकेक बोट उघडतंय.
मग सुईत दोरा घालते, पहिल्याच खेपेला,
आणि माझ्याकडं न बघता म्हणते,
"त्या पोरीला सांगा, धुणं उद्यापासून
आपल्या गच्चीवर वाळत घाल."